अडतीस तासांचा हिशेब

गुरुवारची रात्र. जर्मनीतल्या आखेनमधल्या एखाद्या विद्यार्थी वसतिगृहाचं सामायिक स्वयंपाकघर. कुकरची तिसरी शिट्टी झालेली असते, कुणीतरी डाळीला फोडणी देत असतं, आणि टेबलाशी बसलेल्याच्या फोनवर एक आकडा चमकतो: मिलान, १९.९९ युरो. लगेच सगळे फोनभोवती गोळा होतात. शनिवारी इटली! घरी सांगितलं तर आईचा विश्वास बसणार नाही.

तो आकडा खरा असतो. तेवढ्या पैशांत ‘मिलान’ नाव लावलेल्या विमानतळावर तुम्ही खरोखरच उतरता. प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. शनिवारी सकाळी सातला घर सोडलं आणि रविवारी रात्री नऊला परत आलं, तर हातात अडतीस तास असतात. सहल स्वस्त की महाग हे मी आधी या तासांत मोजते, मग युरोंत. विमानतळावर पोचायला दोन तास, उड्डाणाआधी दोन तास, हवेत दीड तास, बाहेर पडून शहरात शिरायला आणखी दोन. एका बाजूचे साडेसात, येऊनजाऊन पंधरा तास गेले. उरलेल्या तेवीसांतून झोपेचे आठ वजा करा. इटलीसाठी पंधरा तास राहतात, त्यातले निम्मे पेंगुळलेल्या डोळ्यांनी जातात. आपल्याकडे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो मसाला इथे वेळेचा आहे.

ही तिकिटं इतकी स्वस्त का, हे समजून घेतलं की निवड सोपी होते. १९९३ पासून युरोपीय समुदायाने आपलं आकाश टप्प्याटप्प्याने मोकळं केलं. १९९७ पासून तर कुठल्याही सदस्य देशाची कंपनी दुसऱ्या देशाच्या दोन शहरांमध्येही विमानं चालवू शकते. नव्या कंपन्यांनी खर्च कापायला सुरुवात केली, आणि कापण्यासारखा एक मोठा खर्च होता बड्या विमानतळांच्या शुल्काचा. म्हणून त्या गेल्या दूरच्या, मोकळ्या धावपट्ट्यांवर. फ्रांकफुर्ट-हान हा विमानतळ फ्रांकफुर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हे ८५ किलोमीटरवर, म्युनिकच्या नावाने विकला जाणारा मेमिंगेन ११० किलोमीटरवर. पुणेकराला मुंबईच्या तिकिटावर लोणावळ्याला उतरवावं, असा हा मामला.

पण या गैरसोयीतच एक छान वाट दडलेली आहे, आणि ती फार थोडे लोक धरतात. जिथे विमान उतरलं, तिथेच राहायचं. मिलानच्या नावाने विकला जाणारा विमानतळ खरं तर बेर्गामोचा आहे. बेर्गामोचं जुनं गाव टेकडीवर आहे, भोवती व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी बांधलेला तट आहे, तो २०१७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, आणि विमानतळापासून शहर अवघ्या पाच किलोमीटरवर. बार्सिलोनाच्या नावाखाली जाणारं जिरोना, व्हेनिसच्या नावाखाली जाणारं त्रेव्हिझो, ही अशीच स्वतःच्या पायावर उभी असलेली शहरं. बोव्हेमध्ये तर एक अपुरं कॅथेड्रल आहे. ४८ मीटर उंचीचं त्याचं छत १२८४ मध्ये कोसळलं, पुन्हा उभारलं गेलं, पुढे उंच मनोरा बांधला तो १५७३ मध्ये पडला, आणि मधला भाग कधी बांधलाच गेला नाही. माणसाच्या उंचीच्या हव्यासाचं इतकं स्पष्ट स्मारक मला दुसरं माहीत नाही. पॅरिसची बस पकडायच्या घाईत लोक त्याच्याकडे पाठ फिरवून निघून जातात.

आता पैशांकडे येऊ. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा काढताना ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात पडतात. घरभाडं, आरोग्य विमा, किराणा आणि फोन भागल्यावर उरणाऱ्या रकमेत सहलीचा वाटा काढायचा. पहिल्या वर्षी प्रत्येक जण किमतीला शंभराने गुणतो, आणि कॉफी चारशे रुपयांची झाली की घशाखाली उतरत नाही. हा गुणाकार लवकर सोडावा. काम करू लागलात की युरोचं माप तासांत घ्या. २०२६ च्या जानेवारीपासून जर्मनीत किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे, म्हणजे साठ युरोंची सहल साधारण सव्वाचार तासांच्या कामाची. हे माप दुसऱ्या बाजूनेही उपयोगी पडतं. शनिवारची सहा तासांची पाळी सोडून फिरायला गेलात, तर ८३.४० युरो आधीच खर्च झाले. तिकिटापेक्षा हाच खर्च बहुतेक वेळा मोठा असतो आणि कुठल्याही यादीत तो लिहिला जात नाही. म्हणून पाळी रविवारची असेल तर शनिवारची एक दिवसाची सहल करावी. रात्रीचा मुक्काम सुट्ट्या जोडून आल्या की ठेवावा.

या हिशेबात जर्मनीत राहणाऱ्याच्या बाजूने एक फार मोठी गोष्ट आहे: डॉइचलांडटिकेट. २०२२ च्या उन्हाळ्यात सरकारने तीन महिने नऊ युरोंचा मासिक पास देऊन पाहिला. लोकांनी तो इतका उचलून धरला की १ मे २०२३ पासून ४९ युरोंचा कायमचा पास आला. २०२५ मध्ये तो ५८ युरो झाला, २०२६ मध्ये ६३. ज्या विद्यापीठांनी त्याची विद्यार्थी आवृत्ती घेतली आहे, तिथे तो साठ टक्के किमतीत, म्हणजे महिन्याला ३७.८० युरोंत पडतो आणि सत्राच्या शुल्कातच भरला जातो. आपल्या एसटीच्या ‘आवडेल तेथे प्रवास’ पासावर सुट्टीत महाराष्ट्र पालथा घालणाऱ्यांना ही कल्पना चटकन कळेल. फरक इतकाच की हा पास महिनाभर चालतो, देशातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्या, ट्राम, मेट्रो आणि शहरी बसवर चालतो. आयसीई आणि आयसी या वेगवान गाड्यांवर मात्र चालत नाही. हा पास खिशात असताना प्रवासाचा वेगळा खर्च शून्य. मग सहल निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा: प्रादेशिक गाडीने अडीच-तीन तासांत मी कुठे पोचतो?

आखेनपुरतं सांगायचं, तर उत्तर थक्क करणारं आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी इथल्या मुलांना दर सत्रात ऐकवते. शहरी बसने फाल्सला जा, तुम्ही नेदरलँड्समध्ये आहात. तिथून रानातून चढत गेलं की ३२२ मीटर उंचीवर एक दगड येतो, तिथे जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम एकमेकांना भेटतात. सह्याद्रीत चाललेल्या पायांना ही चढण जाणवणारही नाही, पण युरोपीय नेदरलँड्सचं सर्वांत उंच ठिकाण हेच. आणि त्या दगडाशी एकेकाळी चार सीमा भेटत, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. नेपोलियनच्या पाडावानंतर जवळच्या जस्ताच्या खाणीवर प्रशिया आणि नेदरलँड्स दोघांनी हक्क सांगितला. तोडगा म्हणून १८१६ मध्ये खाणीभोवतीचा साडेतीन चौरस किलोमीटरचा तुकडा कुणाचाच नाही असं ठरलं. ‘तटस्थ मोरेस्नेट’ हे त्याचं नाव. खाण संपली तरी तो तुकडा तसाच राहिला. १९०८ मध्ये तिथल्या काही लोकांनी एस्पेरांतो भाषेचं राज्य स्थापायचं ठरवलं आणि त्याला नाव दिलं ‘आमिकेयो’, म्हणजे मैत्रीची जागा. पहिल्या महायुद्धानंतर ते सगळं बेल्जियममध्ये विरघळलं. पास असलेल्याला या सहलीचा खर्च येतो डब्यातल्या पोळीभाजीचा.

त्याच दिशेला आणखी थोडं पुढे मास्ट्रिख्ट आहे. ७ फेब्रुवारी १९९२ ला तिथे झालेल्या कराराने युरोपीय संघ आणि पुढे युरो हे चलन आलं. म्हणजे आपण ज्या नाण्यांची काटकसर करतो, ती ज्या गावात ठरली तिथे आपण दुपारच्या जेवणाला जाऊ शकतो. तिथलं तेराव्या शतकातलं डोमिनिकन चर्च आता पुस्तकांचं दुकान आहे. उंच कमानींखाली उभं राहून पुस्तक चाळायला कुणी पैसे मागत नाही. मास्ट्रिख्टपर्यंतचं सीमेपलीकडचं तिकीट मात्र वेगळं काढावं लागतं, ते विसरू नये.

ऱ्हाइनबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे, कारण मंद गाडीचा खरा फायदा तिथे कळतो. कोलोन ते फ्रांकफुर्ट ही वेगवान रेल्वे २००२ मध्ये सुरू झाली. ताशी ३०० किलोमीटरने धावणारी गाडी तासाभरात पोचवते, पण ती महामार्गाला खेटून, बोगद्यांतून जाते, आणि खिडकीतून नदी दिसत नाही. त्याच २००२ साली कोब्लेंझपासून बिंगेनपर्यंतचं सुमारे ६५ किलोमीटरचं ऱ्हाइनचं खोरं जागतिक वारसा ठरलं. ते पाहायचं तर कोलोनहून माइंझकडे जाणारी प्रादेशिक गाडी धरायची, जी पश्चिम काठाने प्रत्येक गावात थांबत जाते. जाताना डाव्या खिडकीशी बसा. कोब्लेंझ सुटलं की डोंगर जवळ येतात, द्राक्षमळे उभ्या उतारावर चढतात, आणि दर वळणावर एक किल्ला. बोप्पार्ड, सांक्ट गोआर, ओबरवेझेल, बाखाराख. सांक्ट गोआरच्या अलीकडे-पलीकडे नदी इतकी अरुंद होते की समोरच्या काठाचा १३२ मीटरचा लोरेलाय कडा अंगावर येतो. वाटेल तिथे उतरा, तासभर भिंतीला टेकून नदीतली मालवाहू जहाजं बघा, पुढची गाडी धरा. पासवर उतरण्या-चढण्याचे पैसे पडत नाहीत. आखेनहून बाखाराखला पोचायला तीन तासांहून अधिक लागतात, पण इथे तास वाया जात नाहीत. प्रवास हीच सहल असते.

ट्रिअरला मात्र मुक्काम हवा, कारण आखेनहून प्रादेशिक गाडीने चार तास लागतात. दुसऱ्या शतकात रोमनांनी बांधलेला पोर्टा निग्रा हा काळा दरवाजा तिथे आहे आणि १८१८ मध्ये कार्ल मार्क्स ज्या घरात जन्मला ते घरही. दुसऱ्या दिवशी दोन वाटा आहेत. एक लक्झेंबर्गला, जिथे मार्च २०२० पासून देशभर रेल्वे, ट्राम, बस सगळ्यांना फुकट आहे, पहिला वर्ग सोडून. दुसरी वाट पेर्लला. पेर्ल स्टेशनवर उतरून मोझेल नदीचा पूल ओलांडला की पलीकडे एक चिमुकलं गाव लागतं, शेंगेन. १४ जून १९८५ ला तिथल्या नदीत नांगरलेल्या ‘प्रिन्सेस मारी-आस्त्रिद’ या जहाजावर पाच देशांनी आपापसातल्या सीमांवरची तपासणी बंद करायचं ठरवलं. आपण जर्मनीच्या निवास परवान्याच्या कार्डावर वेगळा व्हिसा न काढता पॅरिसला, प्रागला, रोमला जातो, ते या गावामुळे.

कागदपत्रांचा विषय निघालाच आहे, तर त्यात ढिलाई नको. जर्मनीचा वैध निवास परवाना किंवा दीर्घ मुदतीचा व्हिसा असेल, तर इतर शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. आयर्लंड संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. लंडन आणि डब्लिनची स्वस्त तिकिटं दिसली की हा फरक आठवा. भारतीय पासपोर्टला दोन्हीकडे स्वतंत्र व्हिसा लागतो आणि ते तिकीट तिथेच महाग होतं. पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही मूळ प्रती सोबत ठेवा, फोनमधले फोटो पुरत नाहीत. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे, त्यामुळे येताना बसमध्ये पोलीस चढणं ही नेहमीची गोष्ट झाली. सगळ्यात नाजूक काळ म्हणजे व्हिसा संपलेला, नवं कार्ड यायचं बाकी, आणि हातात फक्त अर्ज केल्याचा तात्पुरता कागद. त्या कागदांचे प्रकार वेगवेगळे असतात आणि काहींवर देशाबाहेर गेल्यास परत येता येत नाही. त्या महिन्यांत सीमेच्या आतच फिरा, किंवा परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या. एका सहलीपायी शिक्षण पणाला लावू नका.

याच कार्डाचा एक फायदा मुलं विसरतात. युरोपातल्या अनेक सवलतींच्या नियमांत ‘नागरिक’ असा शब्द नसतो, ‘रहिवासी’ असतो. पॅरिसचं लूव्ह्र संग्रहालय १८ ते २५ वर्षांच्या, युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहणाऱ्या तरुणांना मोफत आहे. तुमचा पासपोर्ट भारतीय असला तरी निवास परवाना दाखवून तुम्ही त्यात बसता. इंटररेलचा रेल्वे पासही युरोपच्या रहिवाशाला घेता येतो. वीकेंडला तो परवडत नाही, लांब सुट्टीसाठी लक्षात ठेवावा. तिकीट काढण्याआधी सवलतींची पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय लावून घ्या.

नकाशाइतकंच ऋतूकडे बघा. डिसेंबरात आखेनला साडेआठच्या सुमारास उजाडतं आणि साडेचारला अंधार पडतो. जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो. म्हणजे एकाच तिकिटात जूनमध्ये तुम्हाला दुप्पट दिवस मिळतो. ऱ्हाइन, आयफेलची जंगलं, मोन्शाउची लाकडी चौकटींची घरं हे सगळं उन्हाळ्यासाठी राखून ठेवा. हिवाळ्यात जवळचं एखादं शहर निवडा, जिथे अंधार पडल्यावर संग्रहालयात किंवा नाताळच्या बाजारात शिरता येईल. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. रविवारच्या विश्रांतीचं संरक्षण १९१९ च्या वायमार राज्यघटनेत होतं, ते आजच्या घटनेतही कायम आहे. म्हणून शनिवारीच ब्रेड, फळं, दही घेऊन ठेवा, नाहीतर स्टेशनवरच्या चढ्या दराच्या दुकानाशिवाय पर्याय उरत नाही. रुळांची दुरुस्तीही बऱ्याचदा शनिवार-रविवारीच काढतात आणि त्या टप्प्यात रेल्वेऐवजी बस धावते. निघण्याच्या आदल्या रात्री ॲपवर गाड्या पुन्हा तपासा. सोमवारी सकाळी परीक्षा असेल तर परतीची शेवटची गाडी कधीच धरू नका, तिच्या आधीची धरा.

मुक्कामाचा खर्च शहरापेक्षा वारावर अवलंबून असतो. शनिवारची रात्र सगळीकडे महाग. ॲम्स्टरडॅममध्ये तर खोलीच्या भाड्यावर १२.५ टक्के पर्यटन करही लागतो. तिथे जायचं असेल तर रेल्वेने पाव तासावरच्या हार्लेममध्ये राहावं, आणि ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या भेटीसाठी खुली होतात तेव्हाच काढावी. हॉस्टेलच्या सामायिक खोलीत पहिल्यांदा झोपताना संकोच वाटतो. मुलींसाठी वेगळ्या खोल्या मिळतात, त्या मागून घ्या. स्वतःचं छोटं कुलूप न्या, कारण लॉकर असतो पण कुलूप बहुधा नसतं. आणि हॉस्टेल निवडताना स्वयंपाकघर आहे का ते आधी बघा. घरून आणलेलं मेतकूट आणि तिथे शिजवलेला भात, यावर एक संध्याकाळ आनंदात निघते आणि शेजारच्या चुलीवर पास्ता ढवळणाऱ्याशी ओळखही होते.

या हॉस्टेलांचा उगम आखेनहून तीन तासांवर आहे. आल्टेना गावच्या रिचर्ड शिरमान नावाच्या शाळामास्तरांना मुलांना घेऊन दिवसेंदिवस पायी भटकायची आवड होती. २६ ऑगस्ट १९०९ ला ब्रोल नदीच्या खोऱ्यात ते वादळात सापडले. एका खेड्यातल्या शाळेने दार उघडलं आणि मुलं पेंढ्यावर झोपली. बाहेर वीज कडाडत असताना मास्तर जागे होते आणि विचार करत होते की सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा पायी फिरणाऱ्या मुलांना रात्रीपुरत्या का मिळू नयेत. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात जगातलं पहिलं कायमचं युवक वसतिगृह उभं राहिलं. तिथल्या झोपायच्या खोल्या आजही जपून ठेवल्या आहेत, जाड लाकडाचे, एकावर एक रचलेले पलंग.

आखेनहून वुपर्टालमार्गे हागेन, हागेनला गाडी बदलायची, आणि लेने नदीच्या काठाने अर्ध्या तासात आल्टेना. किल्ला स्टेशनवरूनच दिसतो. पास चालतो. सकाळी आठला निघालात, तर अकराच्या सुमारास तुम्ही त्या पलंगांसमोर उभे असाल.